‘ऐकू येतं, पण कळत नाही’: श्रवणदोष ओळखण्यापासून इम्प्लांट सांभाळण्यापर्यंत

श्रवणदोषाची तक्रार घेऊन माणूस क्वचितच येतो. तो येतो रक्तदाबासाठी, गुडघ्यासाठी, चक्करेसाठी. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेजारी बसलेला मुलगा देतो आणि आजी नुसत्या हसून मान हलवतात. चार प्रश्नांना चारदा होकारार्थी मान हलली आणि त्यातल्या एकाचे उत्तर ‘नाही’ असायला हवे होते, की समजावे: इथे कानाचा प्रश्न आहे.

हा लेख कान-नाक-घसा विभागाबाहेरच्या मंडळींसाठी आहे: इंटर्न, नर्स, फॅमिली डॉक्टर, बालरोग विभागातले ज्युनिअर, फिजिओथेरपिस्ट. इम्प्लांट, म्हणजे ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायचे उपकरण, तुम्ही बसवणार नाही. पण ज्याला त्याची गरज आहे त्याला वेळेत पाठवणे आणि बसवलेला माणूस दुसऱ्याच आजारासाठी समोर आला तर त्याच्या कानाला धक्का लागू न देणे, ही दोन्ही कामे तुमच्याकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ४३ कोटी लोकांना पुनर्वसनाची गरज पडेल इतका श्रवणदोष आहे. शस्त्रक्रिया आता बरीच रुळली आहे. गाडी अडते ती त्याआधी, कोणीतरी ‘वयोमानाने होतंच’ म्हणून सोडून दिल्यामुळे.

पायरी १: तक्रार नीट ऐका

‘ऐकू येतं, पण कळत नाही’ हे वाक्य कानावर पडले की थांबा. बहुतेक वेळा उंच पट्टीचे आवाज गेलेले असतात. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वर खालच्या पट्टीत असतात. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर ठरतो. स, श, च, त, क, फ हे वरच्या पट्टीतले आणि हलके आवाज आधी हरवतात. अशा माणसाला ‘सात’, ‘हात’, ‘पात’ या तिन्हींतून ‘-आत’ एवढेच नीट येते, उरलेले तो तुमच्या ओठांवरून आणि संदर्भावरून भरून काढतो. म्हणून ओरडून बोलण्याचा उपयोग नाही; ओरडले की स्वर फुगतात आणि व्यंजने होती तिथेच राहतात. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड येऊ द्या, मास्क शक्य असेल तर खाली करा आणि वाक्य थोडे सावकाश बोला. समजले नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदला.

मग विचारा: एका कानाने की दोन्ही? हळूहळू की एका दिवसात? फोन कोणत्या कानाला लावता, आणि तो हल्ली बदलला का? कानात आवाज, चक्कर, स्राव, दुखणे? गोंगाटातले काम? औषधांचा इतिहास काढताना जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, सिस्प्लॅटिन आणि मोठ्या मात्रेत दिलेले फ्युरोसेमाइड यांची नावे घेऊन विचारा. आईकडच्या नात्यात कोणाला इंजेक्शनांनंतर बहिरेपण आले असेल तर ते ठळक लिहून ठेवा. मायटोकाँड्रियातल्या एका ठरावीक बदलामुळे काही कुटुंबांत अमिनोग्लायकोसाइडच्या नेहमीच्या मात्रेनेही कान जातात, आणि तो बदल आईकडूनच येतो.

पायरी २: कानात पाहा, ट्यूनिंग फोर्क वाजवा

ओटोस्कोपने मळ, पडद्याचे छिद्र, स्राव, पडद्यामागचे पाणी दिसते. मळ काढल्याशिवाय पुढच्या कोणत्याही चाचणीवर विश्वास ठेवू नका.

५१२ हर्ट्झचा फोर्क घ्या. वेबर चाचणीत तो कपाळाच्या मध्यावर ठेवतात: दोष वहनाचा, म्हणजे बाह्य वा मध्य कानातला असेल तर आवाज दोषाच्या बाजूला जास्त वाटतो, आंतरकर्ण वा मज्जातंतूचा असेल तर चांगल्या बाजूला. रिने चाचणीत फोर्क कानामागच्या हाडावर आणि मग कानासमोर धरतात. हाडावर जास्त ऐकू आले तर वहनदोष. यात एक खोच आहे. एक कान पूर्ण बधिर असेल तर त्या बाजूच्या हाडावर ठेवलेल्या फोर्कचा आवाज कवटीतून पलीकडचा चांगला कान ऐकतो आणि रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो की हाडावर जास्त येतंय. तुम्ही लिहिता ‘वहनदोष’, आणि कान तर मेलेला असतो. अशा वेळी वेबर चांगल्या कानाकडे जातो. म्हणून दोन्ही चाचण्या एकत्र वाचायच्या, एकट्या रिनेवर निदान करायचे नाही.

पायरी ३: ऑडिओग्राम वाचायला शिका

आडव्या अक्षावर फ्रिक्वेन्सी, साधारण २५० ते ८००० हर्ट्झ. उभ्या अक्षावर डेसिबल, आणि तो उलटा: खाली जाल तसे ऐकणे वाईट. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. हे हवेतून दिलेले आवाज. कंसासारखी किंवा बाणाच्या टोकासारखी चिन्हे हाडातून दिलेल्या आवाजांची. दोन्ही रेषा जवळजवळ आणि दोन्ही खाली असतील तर दोष संवेदी-मज्जातंतूचा, म्हणजे आंतरकर्ण वा मज्जातंतूतला. हाडाची रेषा वर आणि हवेची खाली असेल तर वहनदोष. दोन्ही खाली आणि तरी मध्ये फट असेल तर मिश्र दोष. निव्वळ वहनदोष साधारण ६० डेसिबलच्या पलीकडे जात नाही. त्याहून जास्त दिसला तर आतल्या कानाकडेही बघा.

५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गवारीत २० डेसिबलच्या आत म्हणजे सामान्य, ३५ पर्यंत सौम्य, ५० पर्यंत मध्यम, ६५ पर्यंत मध्यम-तीव्र, ८० पर्यंत तीव्र, ९५ पर्यंत अतितीव्र, त्यापुढे जवळजवळ पूर्ण बहिरेपण. जुन्या पुस्तकांत हे आकडे थोडे वेगळे सापडतील, त्यामुळे शब्दाबरोबर आकडाही लिहा.

एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: ‘मास्किंग केलंय का?’ हाडातून दिलेला आवाज जवळजवळ काहीही कमी न होता दुसऱ्या कानापर्यंत पोचतो. चांगल्या कानात सरसर आवाज देऊन त्याला गुंतवले नाही, तर बधिर कानाची छान दिसणारी खोटी रेषा कागदावर उमटते.

आणि सरासरीपेक्षाही जास्त बघावा असा आकडा कोपऱ्यात दडलेला असतो: शब्द ओळखण्याचा गुण. सोयीच्या मोठेपणावर शब्द ऐकवून किती टक्के बरोबर आले ते. दोन माणसांचे ऑडिओग्राम हुबेहूब असू शकतात आणि एकाला ८० टक्के शब्द कळतात, दुसऱ्याला ३० टक्के. पहिल्याला श्रवणयंत्र पुरते. दुसऱ्याला कितीही ताकदीचे यंत्र दिले तरी मोठ्या आवाजातली तीच गिचमिड मिळते. इम्प्लांटचा विचार सुरू होतो तो इथून.

मध्येच: ज्याला अपॉइंटमेंटची वाट पाहायला लावू नये

सलग तीन फ्रिक्वेन्सींना ३० डेसिबल किंवा जास्त घट, ७२ तासांच्या आत, म्हणजे अचानक आलेला संवेदी बहिरेपणा. रुग्ण म्हणतो ‘कान बंद झालाय’, आपण म्हणतो सर्दी असेल, आणि स्टेरॉइड देण्याचे पहिले दोन आठवडे हातचे जातात. फोर्क असेल तर अर्ध्या मिनिटात फरक कळतो. त्याच दिवशी ऑडिओग्राम, त्याच दिवशी तज्ज्ञांना फोन.

एकाच बाजूला वाढत जाणारा संवेदी दोष किंवा कानात सतत आवाज असेल तर मज्जातंतूवरची गाठ नाही ना, हे एमआरआय करून बघावे लागते.

तिसरी गोष्ट मेंदूज्वराची. जिवाणूंमुळे झालेल्या, विशेषतः न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरानंतर कॉक्लियाच्या (आंतरकर्णातल्या शंखासारख्या ऐकण्याच्या अवयवाच्या) आत हाड भरू लागते, आणि ते काही आठवड्यांत सुरू होऊ शकते. एकदा आतली पोकळी बुजली की इम्प्लांटच्या इलेक्ट्रोडला जागाच उरत नाही. म्हणून मेंदूज्वरातून उठलेल्या प्रत्येक मुलाची आणि मोठ्याचीही श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वी, ते जमले नाही तर तब्येत सावरल्यापासून चार आठवड्यांत व्हायलाच हवी. तीव्र दोष निघाला तर इम्प्लांट केंद्राला तातडीने कळवायचे. ‘सहा महिने श्रवणयंत्र लावून बघू’ हा नेहमीचा सल्ला इथे घातक आहे.

पायरी ४: बाळ समोर असेल तर

जन्मतः कायमचा श्रवणदोष दर हजारी साधारण एक ते तीन बाळांत असतो. नियम लक्षात ठेवायला सोपा, १-३-६: पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. जिथे यंत्रणा चांगली आहे तिथे आता १-२-३ गाठायचा आग्रह धरतात.

स्क्रीनिंगच्या दोन पद्धती आहेत. ओएई चाचणीत कॉक्लियातल्या बाह्य केसपेशींनी परत पाठवलेला क्षीण आवाज मोजतात. एबीआरमध्ये आवाजाला मज्जातंतू आणि मेंदूस्तंभाने दिलेला विद्युत प्रतिसाद. काही बाळांमध्ये केसपेशी ठीक असतात पण मज्जातंतूतून जाणारे संकेत विस्कळीत असतात. ती बाळे ओएईमध्ये पास होतात. अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या, जोराची कावीळ झालेल्या बाळांत हा धोका जास्त, म्हणून त्यांची एबीआरच करायची.

पास झालेले बाळही कायमचे पास नसते. जन्मजात सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूच्या) संसर्गात दोष पुढे महिन्या-वर्षांनी उमटू शकतो, आणि तो संसर्ग जन्मजातच होता हे सिद्ध करायचे तर लाळ किंवा लघवीची तपासणी जन्मापासून २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. स्क्रीनिंगमध्ये नापास झालेल्या बाळाच्या बाबतीत ही मुदत डोळ्यांदेखत निघून जाते, कारण सगळे ‘पुन्हा एकदा करून बघू’ या नादात असतात.

आणि आई म्हणाली ‘याला ऐकू येत नाही असं वाटतं’, तर टाळी वाजवून तिची समजूत काढू नका. बाळ टाळीच्या हवेला, सावलीला, तुमच्या हालचालीलाही वळते. मुलगा आहे, उशिरा बोलेल, हेही म्हणू नका.

घाईचे कारण मेंदू आहे. आवाज न मिळालेला श्रवणभाग मेंदू रिकामा ठेवत नाही. मेंदूच्या लहरींवरच्या अभ्यासांत दिसले की साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालेल्या मुलांचा प्रतिसाद वयाला साजेसा होतो. सात वर्षांनंतर मिळालेल्या बहुतेकांचा होत नाही. भाषेसाठी तर साडेतीनही उशीरच. अनेक केंद्रे पहिल्या वाढदिवसाच्या आसपास किंवा त्याआधी शस्त्रक्रिया करतात. अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, एफडीएने, २०२० मध्ये एका कंपनीच्या उपकरणांसाठी वयाची अट नऊ महिन्यांवर आणली.

पायरी ५: बिघाड कुठे आहे त्यावरून यंत्र ठरते

नवीन माणूस ‘इम्प्लांट’ म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट एवढेच धरून चालतो. प्रत्यक्षात कानाच्या वाटेवर कुठे तुटले आहे त्याप्रमाणे वेगवेगळी उपकरणे आहेत.

बाह्य वा मध्य कान बिघडला पण कॉक्लिया चांगली आहे: जन्मतः कानाची नळीच नाही, सतत वाहणारा कान आहे, वारंवार शस्त्रक्रिया होऊनही हाडांची साखळी जुळत नाही. पूल पडला असेल तर नावेने पलीकडे जावे, तसे इथे पडदा आणि हाडे वगळून कवटीच्या कंपनातून आवाज थेट कॉक्लियाला पोचवतात. हे हाडवहन इम्प्लांट. गोथेनबर्गमध्ये अँडर्स ट्येलस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये पहिल्या रुग्णांच्या कवटीत टायटॅनियमचा स्क्रू बसवला. टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळते हे दातांच्या इम्प्लांटमुळे आधीच माहीत झाले होते. आज तीन घराणी आहेत: त्वचेतून बाहेर येणारी खुंटी, त्वचेवरून चुंबकाने धरणारे, आणि कंपन निर्माण करणारा भागच त्वचेखाली असलेले. खुंटीचा आवाज दमदार, पण भोवतालची त्वचा रोज स्वच्छ ठेवावी लागते; लाली, ओल, मांस वाढणे यासाठी वॉर्डात तुमच्याकडे येणारे हेच रुग्ण. लहान मुलांची कवटी पातळ असते, त्यामुळे साधारण पाच वर्षांपर्यंत तेच यंत्र मऊ पट्ट्यावर डोक्याला बांधतात. शस्त्रक्रियेचे वय नाही म्हणून मुलाला वाट पाहायला लावण्याचे काहीच कारण नाही.

या गटात सर्वांत आधी हाडाची रेषा बघायची. ती साधारण ४५ डेसिबलच्या वर, म्हणजे बरी, असेल तर बहुतेक उपकरणे चालतात. काही ताकदवान उपकरणे ५५ किंवा ६५ पर्यंत जातात.

मध्यकर्ण इम्प्लांटमध्ये एक चिमुकला कंपक मध्यकर्णाच्या हाडाला किंवा कॉक्लियाच्या गोल खिडकीला लावतात. असा पहिला रुग्ण १९९६ मधला. कानात साचा घातला की खाज, स्राव, जळजळ होते अशांसाठी हा पर्याय उपयोगी, पण एकंदर वापर मर्यादित आहे.

कॉक्लियातल्या केसपेशी गेल्या पण मज्जातंतू आहे: कॉक्लिअर इम्प्लांट. आणि मज्जातंतूच नाही, किंवा दोन्ही बाजूंच्या गाठींनी तो गेला: मेंदूस्तंभावर इलेक्ट्रोड ठेवणारे इम्प्लांट. ते १९७९ मध्ये पहिल्यांदा केले गेले, आणि त्यातून मिळणारे ऐकणे सहसा आवाजाची चाहूल आणि ओठवाचनाला आधार एवढेच असते.

एकच कान पूर्ण गेलेल्या माणसाला दोन वाटा आहेत आणि त्यांतला फरक त्याला आधी सांगा. हाडवहन यंत्र बधिर बाजूचा आवाज कवटीतून चांगल्या कानाकडे पाठवते. ऐकणारा कान एकच राहतो, आवाज कुठून आला ते कळत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट त्या बधिर कानालाच कामाला लावते, दिशा थोडीफार परत येते आणि अनेकांचा कानातला त्रासदायक आवाजही कमी होतो.

पायरी ६: कॉक्लिअर इम्प्लांट काय करते, काय नाही

१९५७ मध्ये पॅरिसमध्ये द्जुर्नो आणि एरिएस यांनी एका बधिर रुग्णाच्या श्रवण-मज्जातंतूला विजेने चेतवून ऐकू आणले. १९६१ पासून लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी एका वाहिनीचे, म्हणजे सगळा संकेत एकाच वाटेने पाठवणारे, इम्प्लांट पुढे नेले. त्यातून लय आणि आवाजाची जाणीव मिळे, शब्द जवळजवळ नाही. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर (१९७७) आणि मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क (१९७८) यांनी अनेक वाहिन्यांची उपकरणे रुग्णांत बसवली, आणि ब्लेक विल्सन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीने शब्द खऱ्या अर्थाने कळू लागले. तिची युक्ती साधी होती: सगळे इलेक्ट्रोड एकदम न चेतवता एकामागून एक, फार वेगाने चेतवायचे, म्हणजे त्यांचे विद्युत प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत.

बाहेर मायक्रोफोन, प्रोसेसर आणि चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल. आत त्वचेखाली रिसीव्हर, त्याचे चुंबक आणि कॉक्लियात शिरवलेली इलेक्ट्रोडची तार. आत बॅटरी नसते. ऊर्जा आणि संकेत दोन्ही त्वचेपलीकडून रेडिओलहरींनी येतात. कॉक्लियाच्या पायाशी उंच आवाज आणि टोकाशी खालचे, या नैसर्गिक मांडणीचा फायदा घेत प्रोसेसर प्रत्येक पट्टा त्याच्या जागेवरच्या इलेक्ट्रोडकडे धाडतो.

अपेक्षा जुळवण्यासाठी एक आकडा पुरे: कॉक्लियात सुमारे ३५०० आंतर केसपेशी असतात, आणि इलेक्ट्रोड कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२. शांत खोलीतले बोलणे इतक्यावर आश्चर्यकारक रीतीने भागते. गोंगाटात कठीण जाते. संगीताचे सूर बहुतेकांना निराश करतात, आणि हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी सांगितले नाही तर तो नंतर तुम्हाला माफ करणार नाही.

पायरी ७: कोणाला पाठवायचे, चिठ्ठीत काय लिहायचे

पात्रतेचे निकष देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये २०१९ पासून दोन्ही कानांत, यंत्राशिवाय, ५०० ते ४००० हर्ट्झमधल्या किमान दोन फ्रिक्वेन्सींना ८० डेसिबल किंवा जास्त घट धरतात. पण पात्रता ठरवणे केंद्राचे काम. तुम्हाला हवी पाठवण्याची रेषा, आणि प्रौढांसाठी ती ६०-६० अशी लक्षात ठेवता येते: चांगल्या कानाची सरासरी ६० डेसिबल किंवा वाईट, आणि त्या कानाचा, यंत्राशिवाय मोजलेला, शब्दगुण ६० टक्के किंवा कमी. दोन्ही जुळले की मूल्यांकनासाठी पाठवा. पाठवलेल्यांपैकी काही परत येतील. त्याने काही बिघडत नाही.

वय हा अडथळा नाही. ऐंशी पार केलेल्यांनाही फायदा होतो, भूल सोसली म्हणजे झाले. ऐकणे गेल्यापासून किती वर्षे लोटली, हे वयापेक्षा जास्त महत्त्वाचे. म्हणून चिठ्ठीत लिहा: दोष कधीपासून आणि बोलायला शिकण्याआधीचा की नंतरचा, श्रवणयंत्र किती वर्षे, रोज किती तास, मेंदूज्वर, औषधे, कुटुंबाचा इतिहास, कान वाहतो का, लसी कोणत्या झाल्या, घरात कोणती भाषा बोलतात, खुणांची भाषा वापरतात का. सोबत ऑडिओग्रामची प्रत, फक्त ‘तीव्र श्रवणदोष’ हे दोन शब्द नव्हेत.

जन्मापासून बधिर असलेला, खुणांच्या भाषेत वाढलेला प्रौढ आणि पन्नाशीत ऐकणे गमावलेला माणूस यांचे निकाल फार वेगळे येतात. पहिल्याला शब्द समजतीलच असे वचन कोणी देऊ नये. खुणांची भाषा वापरणाऱ्या कुटुंबाला इम्प्लांट नको असेल, तर तो अडाणीपणा समजून बोलू नका. माहिती पूर्ण द्या, निर्णय त्यांचा. स्मृतिभ्रंश टळेल असेही सांगू नका: मध्यम वयातला श्रवणदोष हा त्याचा बदलता येण्याजोगा धोका मानतात, पण यंत्राने तो टळतो हे अजून सरसकट सिद्ध झालेले नाही.

पायरी ८: शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे महिने

आधी सीटी आणि एमआरआय: कॉक्लियाची घडण, आतली पोकळी आणि मज्जातंतू आहे की नाही ते बघायला. न्यूमोकॉकसची लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी, कारण इम्प्लांट असलेल्यांत मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. शस्त्रक्रियेत कानामागचे हाड कोरून, चेहऱ्याचा मज्जातंतू आणि चवीचा मज्जातंतू यांच्यामधल्या फटीतून मध्यकर्णात पोचतात आणि बहुधा गोल खिडकीतून तार सरकवतात. नंतर चव बदलणे, काही दिवस चक्कर हे नेहमीचे. चेहरा वाकडा होणे विरळ, पण दिसले तर लगेच सर्जनला कळवायचे.

ऐकणे त्या दिवशी सुरू होत नाही, हे नातेवाइकांना वॉर्डातच सांगा. स्विच-ऑन साधारण दोन ते चार आठवड्यांनी. ऑडिओलॉजिस्ट प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी सर्वांत हलका ऐकू येणारा आणि सर्वांत मोठा पण सुसह्य प्रवाह ठरवतो. याला मॅपिंग म्हणतात आणि ते पुढे अनेकदा होते. इंटरनेटवर आवाज ऐकताच हसणाऱ्या बाळांचे व्हिडिओ फिरतात. बरीच मुले त्या क्षणी रडतात, दचकतात किंवा खेळत राहतात, आणि तेही ठीकच. प्रौढ सांगतात की सगळे बीप वाजल्यासारखे किंवा चिरक्या यंत्रासारखे येते. मेंदू ते आवाज ओळखायला आठवडे-महिने घेतो. या काळात प्रोसेसर जागेपणी सतत लावणे आणि मुलांच्या बाबतीत घरच्यांनी दिवसभर बोलत राहणे, थेरपिस्टकडच्या तासाइतकेच मोलाचे.

पायरी ९: इम्प्लांट असलेला रुग्ण तुमच्या वॉर्डात

एमआरआयच्या फॉर्मवर ‘शरीरात धातू आहे का?’ असा प्रश्न असतो. रुग्ण प्रोसेसर काढून टेबलावर ठेवतो आणि ‘नाही’ वर खूण करतो, कारण त्याच्या मते यंत्र तर बाहेर काढले. आतले चुंबक विसरले जाते. म्हणून थेट विचारा: ‘कानामागे त्वचेखाली काही बसवलंय का?’, आणि बोटांनी चाचपून पाहा. काही नवी मॉडेल ३ टेस्लामध्येही चालतात, काहींना १.५ टेस्लात डोक्याला घट्ट पट्टी लागते, काहींचे चुंबक आधी काढावे लागते. उत्तर मॉडेलच्या नावावर असते, रुग्णाचे कार्ड बघा आणि केंद्राला विचारा. बाहेरचा प्रोसेसर एमआरआयच्या खोलीत कधीच न्यायचा नाही. तो काढल्यावर रुग्णाला काहीही ऐकू येत नाही, तेव्हा सूचना आत जाण्याआधी द्या आणि हाताची खूण ठरवून घ्या.

ऑपरेशन थिएटरमध्ये: डोके आणि मानेच्या भागात मोनोपोलर कॉटरी नाही, बायपोलर चालते. फिजिओथेरपीत त्या भागावर शॉर्टवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह डायथर्मी नाही. साधा एक्स-रे, सीटी चालते. प्रोसेसर भूल चढेपर्यंत लावलेला राहू द्या, नाव लिहिलेल्या डबीत ठेवा आणि शुद्धीवर येताच परत द्या. तो नसलेला रुग्ण ‘प्रतिसाद देत नाही’ असे नोंदवले जाण्याची भीती खरी आहे.

इम्प्लांटवाल्या मुलाला ताप आणि कानदुखी असेल तर थांबून बघायचे नाही. प्रतिजैविक लवकर सुरू करा. सोबत डोकेदुखी, मान आखडणे, उलटी, गुंगी असेल तर मेंदूज्वर धरून चाला. डोक्याला मार लागून इम्प्लांटवर सूज आली तर सुई घालून ती काढायच्या मोहात पडू नका.

आणि यंत्र मुके झाले तर क्रमाने बघा: बॅटरी, कॉइलची वायर, मायक्रोफोनवरचा ओलावा, चुंबक नीट बसले का, प्रोग्राम चुकून बदलला का. मग पाठीमागून किंवा तोंड झाकून सहा आवाज काढा: म, ऊ, आ, ई, श, स. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्याचा सगळा आवाका यात येतो. सगळे गेले असतील तर सुटे भाग बदलून बघा. ‘श’ आणि ‘स’ तेवढे हरवले असतील तर मॅप किंवा मायक्रोफोन. तरीही जमले नाही तर केंद्राला त्याच दिवशी फोन. कालपर्यंत आनंदाने प्रोसेसर लावणारे मूल आज तो ओढून फेकत असेल, तर हट्टी ठरवण्याआधी चुंबकाखालची त्वचा लाल झाली आहे का ते पाहा आणि मॅप तपासून घ्या. एखादा इलेक्ट्रोड त्याला आवाजाऐवजी वेदना देत असू शकतो, आणि तीन वर्षांच्या मुलाकडे ते सांगायला फेकून देण्याखेरीज दुसरी भाषा नसते.